लेकीची धाव आणि घरचा जमाखर्च

हिवाळ्याच्या पहाटे मालेगाव तालुक्यातील एखाद्या रस्त्याच्या कडेने साध्वीजींचा विहार चाललेला असतो. पायांत पादत्राणे नाहीत, खांद्यावर मोजकी उपकरणे, आणि मन शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाकडे लागलेले. दुकान उघडायला निघालेला व्यापारी त्यांना पाहून थांबतो, चपला काढतो आणि हात जोडतो. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर पायी चालणाऱ्या, वर्षाचे आठ महिने असे चालत राहणाऱ्या स्त्रिया आपल्या समाजाला नव्या नाहीत. स्त्रीच्या पायांत किती बळ असते, हे जैन घराला बाहेरच्या कोणी येऊन सांगण्याची आवश्यकता नाही.

तरीही त्याच घरातील अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, ‘मला कॉलेजच्या क्रॉसकंट्री संघातून धावायचे आहे,’ असे म्हणाली की जेवणाच्या ताटांवर क्षणभर शांतता पसरते. ही शांतता विरोधाचीच असते असे नाही. बहुधा ती काळजीची असते. पहाटे सोबत कोण असेल? सर कसे आहेत? बाहेरगावी मुक्काम कुठे असेल? चौविहार कसा पाळला जाईल? अशक्तपणा येणार नाही ना? उद्या स्थळ पाहायला येणारे काय म्हणतील? या प्रश्नांना जुनाट म्हणून हसणे सोपे आहे. परंतु मुलींना लांब पल्ल्याची धाव शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचे अर्धे काम मैदानावर असते आणि उरलेले अर्धे याच ताटांपाशी. ते समजून घेतले, तर घरालाही आपले काम कोणते ते कळते.

जऊळका ते तैपेई

जऊळका हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील स्थानकामुळे ते ‘जऊळका रेल्वे’ या नावाने ओळखले जाते. अशा गावातील मुलीला पदवीच्या शिक्षणासाठी मालेगाव, वाशीम किंवा अकोला गाठावे लागते. या भागातील महाविद्यालये १९८३ साली स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. शारीरिक शिक्षणाची मोठी परंपरा सांगणारे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही १९१४ पासून त्याच अमरावतीत उभे आहे.

महाविद्यालयीन खेळाची शिडी अनेक पालकांना ठाऊक नसते. पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची. तिथे चांगली धावलेली मुलगी विद्यापीठाच्या संघात येते. त्या संघातून ती अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते. २०२० पासून ‘खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा’ हेही एक दालन उघडले आहे. या शिडीच्या शेवटच्या पायरीवर जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा असते. जऊळक्याच्या गाडीरस्त्यापासून ती पायरी फार दूर वाटेल. परंतु महाराष्ट्रातील एका खेड्यातली मुलगी तिथवर पोहोचलेली आहे.

नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील वडाळीभोई येथील संजीवनी जाधव हिने नाशिकच्या भोसला सैनिकी महाविद्यालयात शिकत असताना २०१७ साली तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटर धावण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. तिची वेळ होती ३३ मिनिटे २२ सेकंद. १०,००० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या धावपट्टीच्या २५ फेऱ्या. म्हणजेच प्रत्येक फेरीला सरासरी सुमारे ८० सेकंद, आणि तेही सलग पंचवीस वेळा. सुवर्णपदक मिळवणारी किर्गिझस्तानची धावपटू तिच्यापुढे तीन सेकंदांपेक्षाही कमी अंतराने होती.

संजीवनीचे प्रशिक्षक होते भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे विजेंद्र सिंग. त्यांनीच तिच्या आधी त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या आदिवासी कुटुंबातील कविता राऊतला घडवले होते. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे तिचे नाव पुढे घरोघरी पोहोचले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले; राष्ट्रकुल स्पर्धेच्या धावपट्टीवर भारतीय महिलेने मिळवलेले ते पहिले वैयक्तिक पदक. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत ती ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत धावली आणि केरळच्या प्रीजा श्रीधरनच्या मागे दुसरी आली. दोघींमध्ये एका सेकंदाचेही अंतर नव्हते.

साताऱ्याच्या माण या दुष्काळी तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर हे तिसरे उदाहरण. खो-खो खेळणारी ही शेतकरी कुटुंबातील मुलगी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा यांनी अंतिम फेरी गाठल्यानंतर ऑलिम्पिकच्या धावपट्टीवर अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला. पुढे ती राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी झाली.

या तिन्ही मुली महानगरातल्या नव्हत्या. त्यांच्यापाशी होते बालपणापासून चालून-पळून तयार झालेले पाय आणि वर्षानुवर्षे हिशेबाने घडवणारा कोणीतरी माणूस.

दम धीराने वाढतो

स्त्रियांना हा पल्ला मिळायला जगातही वेळ लागला. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली. धावणाऱ्या दमल्या हे पाहून ती बंद करण्यात आली, आणि १९६० पर्यंत २०० मीटरपेक्षा लांब शर्यत स्त्रियांना ऑलिम्पिकमध्ये मिळाली नाही. स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ मध्ये, १०,००० मीटर १९८८ मध्ये आणि स्टीपलचेस तर २००८ मध्ये. आज घरात जी आजी आहे, ती कॉलेजात असताना ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी मॅरेथॉन नव्हतीच. तेव्हा ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे तिचे म्हणणे शब्दशः खरे आहे.

लांब पल्ल्याचे प्रशिक्षण म्हणजे मुलीला रोज दमेपर्यंत पळवणे, हा सर्वांत मोठा गैरसमज. प्रत्यक्षात जाणता प्रशिक्षक तिला थांबवण्याचेच काम अधिक करतो. आठवड्यातील बहुतेक धाव इतकी संथ असावी लागते की सोबतच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. अशा संथ धावेने हृदय बळकट होते, स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि हाडे व स्नायुबंध हळूहळू भार पेलू लागतात. वेगाचा सराव आठवड्यातून एक-दोन वेळा, लांब अंतराची धाव एकदा, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. एकूण अंतर एका आठवड्यात दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा जुन्या प्रशिक्षकांचा ढोबळ संकेत आहे. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडे मात्र सावकाश मजबूत होतात. मुलीला ‘आता जमते’ असे वाटू लागते, तेव्हाच नडगीचे दुखणे सुरू होण्याचा धोका असतो.

वऱ्हाडातल्या मातीचाही विचार करावा लागतो. इथली काळी जमीन पावसाळ्यात पायाला धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चुकीच्या जागी पाय पडला तर घोटा मुरगळतो. महामार्गाची कड पक्की असते, पण तिथे वाहनांचे भय, आणि डांबराचा कठीणपणा गुडघ्यांना सोसत नाही. हिवाळ्यातला सुकलेला पांधण रस्ता किंवा शाळेचे सपाट मैदान ही गावात मिळणारी उत्तम धावपट्टी. चांगल्या बुटांची एक जोडी ही चैन नव्हे. तराजूविना दुकान मांडता येत नाही, तशी ती गरज आहे.

विहार करणाऱ्या साध्वीजी चातुर्मासात एके ठिकाणी स्थिर होतात. त्यामागचे कारण जीवदयेचे आहे, शरीराचे नव्हे. पण चालणे आणि थांबणे या दोहोंना मिळून व्रत पूर्ण होते, ही जाणीव आपल्या परंपरेत आहे. धावणाऱ्या मुलीच्या विश्रांतीच्या दिवशी ‘आज का गेली नाहीस? आळस आला का?’ असे घरातून विचारले जाऊ नये. त्या दिवशीही तिचे शरीर कामच करीत असते.

रोजमेळ

व्यापारी घराला रोजमेळाचे महत्त्व सांगावे लागत नाही. दिवसाची विक्री कितीही झाली तरी रात्री शिल्लक जुळली पाहिजे. धावणाऱ्या मुलीची वही अशीच असावी. त्यात किती किलोमीटर धावली हे तर यावेच. पण झोप किती तास झाली, सकाळी उठल्यावर नाडीचे ठोके किती होते, काय खाल्ले, कुठे दुखते आणि मासिक पाळी कधी आली, हेही यावे. नेहमीपेक्षा सकाळची नाडी सलग दोन-तीन दिवस बरीच जलद असेल, तर शरीर अजून सावरलेले नाही असे समजून त्या दिवसाचा सराव हलका करावा.

यातील शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. पळणाऱ्या मुलीची पाळी थांबली की ‘सराव जास्त होतो, म्हणून असे होते’ असे म्हणून सोडून देण्याची पद्धत होती. १९९२ पासून वैद्यकशास्त्र याविषयी स्पष्ट बोलू लागले, आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनेही यावर सविस्तर भूमिका मांडली. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर काटकसर सुरू करते. प्रथम पाळी अनियमित होते वा थांबते, मग हाडांतील कॅल्शियम घटते, बारीक तडा जातो, रोगप्रतिकारशक्ती कमी होते. हाडांची घनता विशी-पंचविशीपर्यंतच वाढत असते. त्या वयात झालेली तूट पुढे भरून काढणे कठीण. पन्नाशीतल्या हाडांची ठेव कॉलेजच्या वर्षांतच ठेवावी लागते.

सलग तीन महिने पाळी आली नाही, तर सराव कमी करून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे, हा नियम प्रशिक्षक आणि आई दोघांनीही पाठ करावा. आता हा विषय पुरुष प्रशिक्षकाशी कसा बोलणार? समंजस प्रशिक्षक पहिल्याच महिन्यात त्याची सोय लावतो: महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापिकेकडे किंवा संघातील वरिष्ठ मुलीकडे ही नोंद असते, आणि प्रशिक्षकाला केवळ ‘आज हलका सराव’ एवढाच निरोप मिळतो. ज्या घरात आई-लेकीत याविषयी संकोच नसतो, तिथे निम्मे काम आधीच झालेले असते.

चौविहार, नवकारशी आणि सराव

आपल्या घरांसाठी खरा प्रश्न आहारविधीचा आहे, आणि इतर समाजांतून आलेल्या प्रशिक्षकाला तो बहुधा ठाऊक नसतो. डिसेंबरमध्ये आपल्या भागात सूर्यास्त सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास होतो आणि सूर्योदय पावणेसातच्या सुमारास. चौविहार आणि नवकारशी दोन्ही पाळणारी मुलगी सूर्यास्ताला अन्नपाणी थांबवते आणि सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी तोंडात पाणी घेते. म्हणजे जवळजवळ चौदा तास निर्जळ. ती पहाटे सहाला मैदानावर उतरली तर बारा तासांच्या कोरड्या शरीराने वेगाचा सराव करणार. तिला चक्कर आली की प्रशिक्षक तिला कच्ची ठरवतो आणि घर खेळाला दोष देते. खरे तर चूक वेळापत्रकाची असते.

उपाय आहेत, आणि ते व्रत न मोडणारे आहेत. स्पर्धांचा हंगाम बहुतांशी हिवाळ्यात असतो आणि त्या दिवसांत दुपारी चारचे ऊन सुसह्य असते. तेव्हा मुख्य सराव चार ते पाच या वेळात ठेवावा. घरी येऊन सूर्यास्तापूर्वी पोटभर जेवण होते, आणि श्रमांनंतर लगेच मिळालेले अन्न शरीराची झीज उत्तम भरून काढते. चौविहाराची वेळ इथे उलट सोयीचीच ठरते. सकाळी केवळ हलका व्यायाम करावा. रविवारची लांब धाव नवकारशीनंतर, थोडे खाऊन, तासाभराने सुरू करावी. ज्यांच्या घरी तिविहार पाळला जातो, त्यांना रात्री पाण्याची मोकळीक असतेच. कोणते पच्चक्खाण घ्यावे हा मुलीचा आणि घराचा निर्णय. प्रशिक्षकाने तो बदलायला सांगू नये आणि मुलीने तो प्रशिक्षकापासून लपवू नये. आईने एकदा मैदानावर जाऊन हे सारे समोरासमोर सांगितले, तर वर्षभराचा घोळ टळतो.

पर्युषण असो वा दशलक्षण, उपवासाच्या दिवसांत कठोर सराव करू नये. अठ्ठाईसारख्या दीर्घ तपानंतर पारण्याच्या दुसऱ्याच दिवशी शर्यतीला उभे राहणे हा शरीरावर अन्याय आहे. आधी अन्न स्थिरावू द्यावे, मग चालणे, मग संथ धाव, असे टप्पे घ्यावेत. तप कर्मनिर्जरेसाठी असते. वजन घटवून वेग वाढवावा या हेतूने केलेली उपासमार तप नव्हे, आणि मुलगी उपवासाच्या नावाखाली तसे करीत असेल, तर ते ओळखण्याची जबाबदारी आईवडिलांची आहे. ‘तू जाड दिसतेस, वजन कमी कर,’ असे चारचौघांत सुनावणाऱ्या प्रशिक्षकापासून मुलीला दूर ठेवलेले बरे.

हिशेबही सोपा आहे. ५० किलो वजनाची मुलगी एक किलोमीटर धावली की साधारण ५० कॅलरी खर्च होतात. दहा किलोमीटरला ५००. म्हणजे मध्यम आकाराच्या चार-पाच पोळ्यांइतका जादा खर्च. तेवढी भर ताटात पडली नाही, तर ती शरीरातून उचल घेणार.

त्यात लोहाची कमतरता हा आपल्याकडचा जुना रोग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आहे. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. तेच कमी असेल तर धाप लागणे अटळ. प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासावे. ते १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर आधी डॉक्टर, मग धावपट्टी.

कंदमुळे वर्ज्य असली तरी आपल्या स्वयंपाकघरात लोहाची वानवा नाही. बाजरीची भाकरी, हरभरा, मटकी, हुलगे, कारळ्याची चटणी, अळिवाचे लाडू, खजूर. कॅल्शियमसाठी नाचणी, हिवाळ्यात तीळ, आणि दूध-दही. वनस्पतिजन्य लोह शरीराला सहज मिळत नाही. जेवणात लिंबू किंवा आवळा असेल तर ते अधिक शोषले जाते, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर कमी. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य केल्या जातात, त्या महिन्यांत कडधान्यांवर अधिक भर द्यावा. आणि चहाची वेळ जेवणापासून तासभर दूर न्यावी. यासाठी एका पैशाचाही खर्च नाही.

औषधाची बाटली

एक गोष्ट मात्र जपून करावी. संजीवनी जाधवच्या वाटचालीत एक कठीण वळणही आले. २०१८ मध्ये तिच्या नमुन्यात प्रोबेनेसिड हा प्रतिबंधित घटक आढळला आणि तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. वातरक्तावर दिले जाणारे हे औषध इतर द्रव्ये लपवू शकते, म्हणून ते यादीत आहे. बंदी संपल्यावर ती पुन्हा धावपट्टीवर उतरली. पण हा प्रसंग प्रत्येक खेळाडूच्या घराने लक्षात ठेवावा. नियम सांगतो की शरीरात काय गेले याची जबाबदारी खेळाडूची. कोणी दिले, कशासाठी दिले, हा प्रश्न नंतरचा. देशात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था २००५ पासून आहे आणि २०२२ मध्ये याविषयी स्वतंत्र कायदाही झाला आहे.

म्हणून सर्दीची गोळी असो वा ताकदीची पावडर, डॉक्टरांना ‘ही मुलगी स्पर्धेत धावते’ हे आधी सांगावे आणि औषधाची चिठ्ठी जपून ठेवावी. जैन घराला पाकिटावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय असतेच. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे तर नाही ना, हे आपण पाहतोच. तीच नजर इथे उपयोगी पडते. जे समजत नाही ते पोटात जाऊ द्यायचे नाही.

सुरक्षिततेविषयी विचारण्याचा हक्क

पालकांच्या मनातील सर्वांत मोठी काळजी सुरक्षिततेची, आणि ती रास्त आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा यांचाही स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे मुलगी ज्या संस्थेतर्फे धावते, तिथे अंतर्गत समिती आहे का आणि तिच्यात कोण आहेत, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. बाहेरगावच्या स्पर्धेला महिला व्यवस्थापक सोबत आहेत का? मुक्काम कुठे आहे? पहाटेच्या सरावाला किमान तीन-चार मुली एकत्र असतात का? एकट्या मुलीला बंद खोलीत मालिश किंवा उपचारासाठी बोलावले जात नाही ना? प्रामाणिक प्रशिक्षक अशा प्रश्नांनी दुखावत नाही. ज्याला राग येतो, त्याच्याविषयी अधिक चौकशी करावी.

घराचे भागभांडवल

सगळ्याच मुली तैपेईला जाणार नाहीत. बहुतेक जणी विद्यापीठाच्या संघापर्यंतही पोहोचणार नाहीत. तरीही या तीन-चार वर्षांचा लाभ राहतोच. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे; पोलीस भरतीतही मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याहून मोठा लाभ म्हणजे मजबूत हाडे, निरोगी रक्त आणि आपल्या शरीराचा हिशेब आपण ठेवू शकतो हा विश्वास. उद्या ती दुसऱ्या घरी गेली, दुकानाच्या गल्ल्यावर बसली किंवा सनदी लेखापाल झाली, तरी ही पुंजी तिच्याच नावावर राहील.

व्यापारी समाज खेळासाठी देणगी देतो ती बहुधा चषकाच्या आणि मांडवाच्या रूपाने. ती चांगलीच, पण दोन मुलींना वर्षभर दूध, दर वर्षी बुटांची जोडी, सहा महिन्यांनी रक्ततपासणी आणि बसभाडे, एवढा खर्च गावातील तीन-चार दुकाने मिळून सहज उचलू शकतात. त्या दोघी आपल्याच समाजाच्या असाव्यात, असेही नाही. सावरपाड्यातली एक मुलगी आशियाई पदकापर्यंत गेली. तशी एखादी जऊळक्याच्या आसपासच्या वस्तीतून आज शाळेला चालत जात असेल. आपली मुलगी तिच्यासोबत धावली, तर दोघींनाही सोबत मिळेल.

आणि जिच्या घरी ताटांवर शांतता पसरली होती, त्या वडिलांनी एक करावे. पुढच्या रविवारी दुकान अर्धा तास उशिरा उघडावे, मुलीसोबत मैदानावर जावे, प्रशिक्षकाला वरचे प्रश्न विचारावेत आणि मुलीची पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत तिथे उभे राहावे. घरी परतल्यावर आईने ताटात एक पोळी अधिक वाढावी आणि वहीत त्या दिवसाची पहिली नोंद करावी.